नानावटी खटला: ज्यूरीतल्या आठ जणांचं खरंच चुकलं का?

जुनीपानं

नानावटी प्रकरणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ज्यूरी भावनेत वाहून गेली, म्हणून तर आपल्याकडची ज्यूरीपद्धत बंद झाली." मीही कित्येक वर्षं हेच म्हणत आलो. मागच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा २४ नोव्हेंबर १९६१ चा निकाल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला आणि मला त्या आठ जणांबद्दल वाईट वाटायला लागलं. म्हणून हा धागा.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कमांडर कावस नानावटी हे 'आयएनएस म्हैसूर' या युद्धनौकेवरचे अधिकारी. पत्नी सिल्व्हिया जन्माने इंग्लिश, तीन मुलं. २७ एप्रिल १९५९ ला सिल्व्हियाने त्यांना सांगितलं की त्यांचा मित्र प्रेम आहुजा याच्याशी तिचे संबंध आहेत. नानावटींनी तिला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, बोटीवर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली, आधी आहुजाच्या ऑफिसात डोकावले, तो तिथे नाही म्हणून त्याच्या घरी गेले. आहुजा नुकताच अंघोळ करून टॉवेल गुंडाळून उभा होता. गोळ्या झाडल्या गेल्या, आहुजा मेला आणि नानावटी स्वतःहून पोलिसांकडे हजर झाले.

२३ सप्टेंबर १९५९ ला मुंबईच्या सत्र न्यायालयात न्या. मेहता यांच्यासमोर खटला सुरू झाला. नऊ जणांची ज्यूरी. २१ ऑक्टोबरला आठ विरुद्ध एक असा कौल आला: निर्दोष. खुनाच्या ३०२ खाली निर्दोष, आणि सदोष मनुष्यवधाच्या ३०४ खालीही निर्दोष. न्यायाधीशांना तो पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. ११ मार्च १९६० ला तिथे जन्मठेप झाली आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

आता माझा मुद्दा. ज्यूरी खोलीत जाण्याआधी न्यायाधीश त्यांना सगळा पुरावा आणि लागू होणारा कायदा समजावून सांगतात. कोर्टाच्या भाषेत याला 'चार्ज' म्हणतात. कायदा काय ते न्यायाधीशांनी सांगायचं, घडलं काय ते ज्यूरीने ठरवायचं, अशी सरळ वाटणी होती. बचाव पक्षाचं म्हणणं होतं की झटापटीत गोळ्या चुकून सुटल्या. अशा वेळी 'हा अपघात होता' हे दाखवायची जबाबदारी कोणाची? तेव्हाच्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे आरोपीची. आणि नेमकं हेच ज्यूरीला नीट सांगितलं गेलं नाही, असं वरच्या दोन्ही न्यायालयांनी म्हटलं आहे.

म्हणजे नऊ सामान्य माणसं त्या खोलीत बसली तेव्हा "सरकारने संशयापलीकडे सिद्ध केलं का?" एवढाच प्रश्न घेऊन बसली. खोलीत तर दोघंच होते, त्यातला एक मेलेला. गोळी सुटताना पाहणारा कोणी नाही. अशा वेळी तुम्ही-मी काय म्हटलं असतं? मला वाटतं, त्यांना हातात जी फूटपट्टी दिली होती तिने त्यांनी मोजलं. फूटपट्टीच अपुरी होती.

कोर्टपायरी

लेख आवडला. वकिली करतो म्हणून थोडी भर घालतो, आणि एका ठिकाणी असहमती.

भर अशी. अपघाताचा बचाव तेव्हाच्या दंडसंहितेच्या कलम ८० चा. तिथे नुसतं 'चुकून झालं' म्हणून भागत नाही. कृत्य कायदेशीर हवं, कायदेशीर रीतीने आणि कायदेशीर साधनांनी केलेलं हवं, आणि पुरेशी काळजी घेतलेली हवी. भरलेलं रिव्हॉल्व्हर पाकिटात घालून दुसऱ्याच्या बेडरूममध्ये शिरणाऱ्याने 'पुरेशी काळजी' घेतली होती का, हा प्रश्न ज्यूरीपुढे स्वच्छ ठेवायला हवा होता.

पण 'जबाबदारी आरोपीची' हेही अर्धंच आहे. खून झाला हे सिद्ध करायचा मूळ भार शेवटपर्यंत सरकार पक्षावरच राहतो. आरोपीने अपवाद सिद्ध करायचा असला तरी त्याला सरकारइतकं काटेकोर सिद्ध करावं लागत नाही, आणि त्यात तो कमी पडला तरी त्याच पुराव्याने हेतूबद्दल वाजवी शंका निर्माण झाली तर फायदा त्यालाच. न्या. सुब्बा राव यांनी हे फार सुंदर उलगडून सांगितलं आहे. आता विचार करा, हे दोन थरांचं गणित न्यायाधीशांनी महिनाभराच्या साक्षींनंतर नऊ जणांना एका बैठकीत तोंडी समजवायचं. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला हे कळायला एक अख्खं सत्र गेलं होतं.

असहमती अशी. केवळ चार्ज चुकला म्हणून कौल फिरला नाही. सर्वोच्च न्यायालयाने पुरावा स्वतः तपासला आणि म्हटलं की या पुराव्यावर कोणतीही समंजस ज्यूरी या निष्कर्षाला येऊच शकली नसती. झटापट झाली म्हणतात, पण आहुजाच्या अंगावरचा टॉवेल सुटला नव्हता. बाहेर पडल्यावर नानावटींनी कोणालाच सांगितलं नाही की गोळी चुकून सुटली. आहुजाच्या बहिणीला नाही, नौदलाच्या अधिकाऱ्यालाही नाही. इमारतीच्या रखवालदाराला मात्र सांगितलं की माझ्या बायकोशी याचे संबंध होते म्हणून मारलं. आणि पोलिसांसमोर आपल्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं पाहून ते दुरुस्त करण्याइतकं त्यांचं डोकं शांत होतं. हे सगळं त्या नऊ जणांनीही ऐकलं होतं.

गल्लीतलावाचक

धागाकर्त्यांनी एक मोठी गोष्ट सोडून दिली. 'ब्लिट्झ'! करंजियांच्या त्या साप्ताहिकाने नानावटींना देशभक्त, फसवला गेलेला नवरा आणि आहुजाला उनाड श्रीमंत असं रंगवून ठेवलं होतं. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना खपत होता म्हणतात. रस्त्यावर 'आहुजा टॉवेल' आणि खेळण्यातली 'नानावटी रिव्हॉल्व्हरं' विकली जात होती. ज्यूरीतली माणसं रोज संध्याकाळी घरी जात होती, ट्रेनमध्ये बसत होती, बायकोशी बोलत होती. कायदा काय सांगितला हा फार पुढचा प्रश्न झाला. त्यांचं मत आधीच तयार होतं.

जुनीपानं

@गल्लीतलावाचक, ब्लिट्झचा परिणाम शून्य होता असं माझं म्हणणं नाही. पण मग मला सांगा, त्या नवव्या माणसाने कोणता पेपर वाचला? तोही त्याच शहरात राहत होता.

@कोर्टपायरी, टॉवेलबद्दल मान्य. मला खटकतं ते एवढंच की ज्यूरीने कारणं द्यायची नसतात. फोरमन उठतो, 'दोषी' किंवा 'निर्दोष' म्हणतो, बहुमत किती ते सांगतो आणि खाली बसतो. उच्च न्यायालयाने लिहिलेलं पान न् पान आज आपण वाचू शकतो. त्या आठ जणांचा एक शब्दही कुठे नाही. त्यांनी टॉवेलवर चर्चा केली असेल, भांडलेही असतील. आपण मात्र 'वाहून गेले' म्हणून मोकळे होतो.

अबोली_म

मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही.

ज्यूरी निकालापर्यंत कशी पोचते यावर अमेरिकेत भरपूर काम झालं आहे. नॅन्सी पेनिंग्टन आणि रीड हेस्टी यांनी दाखवलं की माणसं पुरावे सुटे सुटे तोलून बेरीज करत नाहीत. साक्षी ऐकता ऐकता मनात एक गोष्ट जुळवत जातात: कोण, का, मग काय झालं. शेवटी न्यायाधीश जे पर्याय देतात त्यातला या गोष्टीला सगळ्यात जवळचा पर्याय निवडतात. ज्या बाजूची गोष्ट सलग असते तिचं पारडं जड होतं.

आता या खटल्याकडे असं पाहा. बचाव पक्षाची गोष्ट सलग होती. विश्वासू अधिकारी समुद्रावर, घरी घात झालेला, तो मित्राला विचारायला जातो की हिच्याशी लग्न करशील का, माझ्या मुलांना सांभाळशील का. समोरून अपमानाचं उत्तर येतं, झटापट होते, गोळी सुटते. मग तो पळत नाही, स्वतःहून हजर होतो. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं आहे. सरकार पक्षाकडे होत्या सुट्या वस्तू: एक टॉवेल, एक पाकीट, शस्त्रागारातली एक नोंद, जखमांची दिशा. या वस्तू जोडून दुसरी गोष्ट बनते आणि ती जास्त खरी आहे, पण ती ऐकणाऱ्याला स्वतः बांधावी लागते.

दुसरं. १९५०-६० च्या दशकांत शिकागो विद्यापीठात काल्व्हन आणि झायझेल यांनी हजारो खटल्यांत न्यायाधीशांना विचारलं की ज्यूरी नसती तर तुम्ही काय निकाल दिला असता? तीन-चतुर्थांशांहून जास्त वेळा दोघांचं मत एकच निघालं. फरक पडला तिथे बहुतेक वेळा ज्यूरी जास्त मऊ होती. त्यांना असंही दिसलं की खोलीत गेल्यावर पहिल्या मतदानात ज्या बाजूला बहुमत असतं, साधारण दहातल्या नऊ वेळा निकाल तोच लागतो. एकट्याने सगळ्यांना फिरवलं हे प्रत्यक्षात फार क्वचित घडतं.

आणि इथे तर एकट्याला फिरवायची गरजच नव्हती. इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत बाराच्या बारा जणांचं एकमत लागायचं. आपल्याकडे बहुमत चालत होतं. आठ जण एका बाजूला झाल्यावर नवव्याशी वाद घालायचं कोणालाही कारण उरत नाही. एकमताची सक्ती असती तर त्या एकाचं म्हणणं आठ जणांना ऐकून तरी घ्यावं लागलं असतं. मला वाटतं, या खटल्यात निकाल फिरवू शकणारी एखादी गोष्ट असेल तर ती हीच.

केसरीवाचक

+१ अबोलीताई. बहुमताचा मुद्दा निघालाच आहे तर लोकमान्यांचे खटले विसरू नका. खुनाचे नव्हते, राजद्रोहाचे होते, पण ज्यूरीबद्दल मराठी माणसाला जे शिकायचं ते तिथेच आहे. १८९७ ला सहा विरुद्ध तीन: सहा युरोपियन 'दोषी' म्हणाले, तीन भारतीय 'निर्दोष'. १९०८ ला सात विरुद्ध दोन: सात युरोपियन, दोन पारशी. लेख मराठीत लिहिलेले आणि ते भाषांतरातून तोलले जात होते. ज्यूरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे, असं टिळक तिथेच उभे राहून म्हणाले. मुंबई उच्च न्यायालयात त्या शब्दांची पाटी आजही आहे.

त्या दोन्ही वेळी चार्ज एकतर्फी होता असं आपण मानतो. मग नानावटी प्रकरणात 'चार्ज चुकला' हे इतकं नवल का वाटावं? न्यायाधीशाच्या तोंडचा शब्द ज्यूरीला कुठे नेतो हे आपल्या लोकांनी पन्नास वर्षं आधी पाहिलं होतं. कोणाला ज्यूरीत बसवलं इथूनच निकालाला सुरुवात होते.

शमा७

मला या चर्चेत एक गोष्ट बोचते आहे. सगळे नानावटी, ज्यूरी, न्यायाधीश यांच्याबद्दल बोलतात. मेलेला माणूस जेमतेम चौतीस वर्षांचा होता. कोर्टात महिनाभर त्याच्या चारित्र्याची चिरफाड झाली आणि उत्तर द्यायला तो नव्हता. बहीण होती, तिने साक्ष दिली.

आणि सिल्व्हिया. तिने भर कोर्टात उभं राहून आपल्या संबंधांबद्दल सांगायचं, तिची पत्रं वाचली जायची, तीसुद्धा नवऱ्याच्या बचावासाठी. नऊ जण, सगळे पुरुष, ते ऐकत बसलेले. अबोली म्हणते तशी 'सलग गोष्ट' त्यांना पटली, कारण ती गोष्ट त्यांना आधीपासून पाठ होती: बायको चुकली, नवऱ्याचा मान गेला, मग जे घडलं ते समजण्यासारखं आहे. ज्यूरीत चार बायका असत्या तर निकाल बदलला असता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण खोलीतलं बोलणं नक्की वेगळं झालं असतं.

जुनीपानं

शमा, हे माझ्याकडून राहिलंच होतं. मी धाग्यात आहुजाबद्दल लिहिलं ते दीड वाक्य, तेही त्याच्या टॉवेलचं. तुमचं म्हणणं लागलं.

सदाफुली

आमच्या आजोबांना एकदा ज्यूरीसाठी बोलावणं आलं होतं. प्रकरण खुनाचं होतं, हे नव्हे. ते त्याबद्दल फार कमी बोलायचे. एकदाच म्हणाले होते की दोन्ही वकील बोलायचे तेव्हा वाटायचं आपल्याला सगळं कळलंय, आणि न्यायाधीश कायदा सांगायला लागले की वाटायचं आपल्याला काहीच कळलेलं नाही. शंका विचारायची हिंमत झाली नाही. बाकीचे मान डोलवत होते म्हणून यांनीही डोलावली. खोलीत गेल्यावर कळलं की सगळ्यांचं तसंच होतं.

त्या आरोपीचं काय झालं ते आजोबांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पण फाशी होईल का या विचाराने ते कित्येक रात्री झोपले नव्हते, हे आजी सांगायची. शिक्षा ठरवणं ज्यूरीच्या हातात नसतं हे त्यांना माहीत होतं, तरीही.

गल्लीतलावाचक

सदाफुली, तुमचा प्रतिसाद वाचून माझं आधीचं 'मत आधीच तयार होतं' हे वाक्य जरा घाईचं वाटायला लागलं. फाशीचा मुद्दा तर डोक्यातच आला नव्हता. पण मग मधला रस्ता होता की! ३०४. गंभीर आणि अचानक प्रक्षोभ. फाशीही नको आणि साफ सुटकाही नको असं वाटणाऱ्याला तो सोयीचा होता. तोही आठ जणांनी का नाकारला?

कोर्टपायरी

चांगला प्रश्न. माझा अंदाज सांगतो, अंदाजच आहे.

३०४ चा रस्ता घ्यायचा तर 'हो, त्याने मारलं, पण भडक्यात मारलं' असं मानावं लागतं. बचाव पक्षाचा मुख्य सूर तर 'त्याने मारलंच नाही, गोळी सुटली' हा होता. अपघात मानला की ३०२ आणि ३०४ दोन्ही एकदम गळून पडतात. आठ जणांनी अपघाताची गोष्ट स्वीकारली असेल तर दोन्हीकडे 'निर्दोष' म्हणणं अगदी सुसंगत आहे. भावनेत वाहून गेलेली ज्यूरी ३०४ वर थांबली असती असंही कोणी म्हणू शकेल. म्हणजे या एका बाबतीत मी धागाकर्त्यांच्या बाजूला सरकतोय.

बाकी प्रक्षोभाचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने घड्याळ लावून फेटाळला. दुपारी दीडला घर सोडलं, चार वाजून वीस मिनिटांनी गोळ्या सुटल्या. मधल्या जवळजवळ तीन तासांत सिनेमाची सोय झाली, बोट झाली, ऑफिस झालं. राग शांत व्हायला पुरेसा वेळ होता. त्या आधीची पायरी मात्र उदार आहे: आरोपी ज्या समाजात वाढला त्या समाजातला समंजस माणूस त्या परिस्थितीत तोल घालवेल का, हे पाहायचं, आणि शब्दांनीसुद्धा प्रक्षोभ होऊ शकतो. आजही प्रक्षोभाच्या प्रकरणांत हाच निकाल आम्ही कोर्टात वाचतो.

तळटीप_नाही

थोडं अवांतर, पण धाग्याच्या पहिल्याच वाक्याबद्दल. 'नानावटीमुळे ज्यूरी बंद झाली' आणि 'हा भारतातला शेवटचा ज्यूरी खटला' ही दोन्ही विधानं टिकत नाहीत. सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने ज्यूरी रद्द करायची शिफारस १९५८ च्या अहवालात केली होती, म्हणजे आहुजाचा खून व्हायच्या आधीच. ज्यूरी तेव्हाही देशभर सगळीकडे नव्हती. त्याआधी बऱ्याच जिल्ह्यांत असेसर (न्यायाधीशांना आपलं मत सांगणारे सामान्य नागरिक) असत आणि त्यांचं मत न्यायाधीशांवर बंधनकारक नसे. १९५९ नंतरही काही वर्षं काही ठिकाणी ज्यूरीचे खटले चालले. १९७३ ची नवी फौजदारी प्रक्रिया संहिता आली तेव्हा ती पूर्ण गेली. आणि पारशी विवाह कायद्याखालच्या खटल्यांत समाजातले 'डेलिगेट' बसवायची तरतूद १९३६ च्या कायद्यातही आहे. ती ज्यूरीची चुलत बहीणच म्हणा.

नानावटींना पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली आणि ते कुटुंब कॅनडाला गेलं, हेही नोंदवून ठेवतो. ज्यूरीने सोडलं, कोर्टांनी धरलं आणि शेवटी राजभवनाने सोडलं.

अबोली_म

@सदाफुली, तुमच्या आजोबांची 'मान डोलावली' ही गोष्ट मी वर्गात सांगितली तर चालेल का? नाव न घेता.

सदाफुली

जरूर सांगा. त्यांना आवडलं असतं.

जुनीपानं

सगळ्यांचे आभार. तळटीप_नाही, सुधारणा मान्य; ते वाक्य आता माझ्याकडून परत येणार नाही.

कोर्टपायरींचे प्रतिसाद वाचून पुरावा कायदा पुन्हा चाळला. कलम १६६ मध्ये चक्क लिहिलं होतं की ज्यूरीला न्यायाधीशांमार्फत किंवा त्यांच्या परवानगीने साक्षीदारांना प्रश्न विचारता येतील. ज्यूरी गेली तरी ते कलम पुढे कितीतरी वर्षं पुस्तकात तसंच राहिलं होतं. म्हणजे विचारायचा हक्क होता. सदाफुलींच्या आजोबांना कोणी तो सांगितला होता का, कोण जाणे. त्या रखवालदाराला नऊ जणांपैकी कोणी एकाने उठून विचारलं असतं, "साहेब खाली आले तेव्हा 'चुकून झालं' असं काही म्हणाले का?" तर कदाचित खोलीतली चर्चा तिथूनच सुरू झाली असती.

कोर्टपायरी

विचारलंही असेल कोणी. उलटतपासणीची पूर्ण नोंद मिळाली तर शोधतो आणि इथेच टाकतो.